तिया देल्फिनाचे हिरवे चंबू

आमच्या गल्लीत कुणाला दिवस गेले की पहिली बातमी आपल्याला कळते, असं नवऱ्यांना वाटतं. खरं तर ती तिया देल्फिनाला कळायची. तिया म्हणजे मावशी, आणि देल्फिना सगळ्या गल्लीची मावशी. मका दळायच्या गिरणीच्या रांगेत एखादी सून ओल्या पिठाच्या वासाने तोंड फिरवताना दिसली, की दुसऱ्या दिवशी सकाळी तिया तिच्या दारात हजर. हातात केळीच्या पानात बांधलेल्या चॉकलेटच्या सहा वड्या. "चंबू कुठाय तुझा?" एवढंच विचारायची आणि विचारता विचारता चुलीपाशी जाऊन बसायची.

चंबूचं सांगायला हवं. गल्लीत नवी सून आली की तिया तिला लग्नात एक चंबू द्यायची. मातीचा, पोट मोठं, मान आखूड, एका बाजूला कान, आणि आतबाहेर चकचकीत हिरवी झिलई. डोंगरापलीकडे कुंभारांचं गाव आहे, तिथे स्वतः बसने जाऊन, भट्टीत जायच्या आधी बुडाला सुनेचं नाव खिळ्याने कोरून घ्यायची. माझ्या चंबूच्या बुडाला 'ओतिलिया' लिहिलेलं होतं. त्यातलं एक अक्षर उलटं होतं. तियाला लिहिता येत नाही, आणि कुंभाराला फार येत होतं अशातला भाग नाही. त्या चंबूत पाणी उकळायचं, त्यात दोन वड्या टाकायच्या, आणि लाकडी रवी तळहातांत धरून घुसळत राहायचं. वर बोटभर फेस आला की तिया म्हणायची, "आता पी. थांबलीस तर फेस बसेल."

मी पाव भाजते. माझी भट्टी आणि तियाचं अंगण यांच्यामध्ये एक कुंपण आहे आणि त्या कुंपणाला एक भगदाड आहे. तीस वर्षं मी त्या भगदाडातून तिच्याकडे पाव देते आहे आणि ती मला अक्कल. तिच्याकडे अक्कल फार आणि कुणी मागितली नाही तरी ती वाटायची. डाळिंबाच्या झाडाखाली तिचा पाटा, तीन पायांचा, पुढे उतरता. पाट्याखाली चार निखारे ठेवून, गुडघे टेकून, भाजलेल्या कोकोच्या बिया ती वाटायची. काळं, चकचकीत, घट्ट चॉकलेट वरवंट्यापुढे सरकत यायचं. त्यात दालचिनी, थोडे बदाम आणि नावाला साखर. बाजारातल्या गिरणीतून दळून आणलेल्या चॉकलेटला ती "साखरेचा चिखल" म्हणायची आणि तो विकत घेणाऱ्या बायकांना त्याहून वाईट काही.

"पोटात दुसरा जीव आला की एका रक्तावर भागत नाही," असं तिचं म्हणणं. "काळं चॉकलेट म्हणजे रक्त. ते प्या आणि वर डॉक्टरला नावं ठेवा."

माझी चार बाळंतपणं तिच्या वड्यांवर झाली. मला ती कडू चव आवडायची हेही खरं, आणि नको म्हणायची माझी हिंमत नव्हती हेही खरं.

तियाला स्वतःला तीन मुलं झाली, राहिला एकच. पहिला आन्सेल्मो नऊ दिवस जगला. मग एलादिओ. मग एक मुलगी, जन्मतानाच गेलेली, तिला नावच ठेवता आलं नाही. त्या दोघांबद्दल ती बोलत नसे. फक्त तिच्या देव्हाऱ्याच्या फळीवर अंगठ्याएवढे दोन हिरवे चंबू असत, बोलायचे काय ते तेच.

एलादिओने चौतिसाव्या वर्षी लग्न केलं. यादिरा किनाऱ्याकडची, हसरी, थोडी चटोर. तिचं पहिलं मूल तिसऱ्या महिन्यात गेलं, दुसरं पाचव्या. दुसऱ्या वेळी ती आठवडाभर अंथरुणात भिंतीकडे तोंड करून पडून होती आणि तिया दाराशी बसून होती, आत न जाता. गेल्या वर्षी फेब्रुवारीत यादिराला तिसऱ्यांदा दिवस गेल्याचं कळलं. एलादिओने कुणाला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती. तियाने ती दुपारपर्यंत पाळली.

आणि मग ती कामाला लागली. आधी दोन गेली म्हणजे आपण कमी पडलो, असं तिने मनाशी घेतलं होतं. आता सकाळी एक नाही, दिवसाला तीन चंबू. यादिराचा चंबू निखाऱ्याच्या कडेला दिवसभर बसलेला, पोरीला वाटेल तेव्हा गरम मिळावं म्हणून. उरलेलं तसंच त्यात राहायचं, सकाळी त्यावरच नवीन पाणी. शिवाय पोरीच्या एप्रनच्या खिशात वड्या असायच्याच, येता जाता कुरतडायला.

"जेवलीस का गं?" मी विचारायची.

"भूकच नाही, ओतिलियाताई. मासा नको, घेवडा नको. आईंच्या हातचं ते कडू तेवढं जातं."

"रात्री झोप?"

"झोप कुठली! डोळे टक्क उघडे. छातीत जळजळ."

"बाळ अंग धरतंय," तिया पाट्यावरून ओरडायची. "जळजळणारच."

मे महिन्यात एका सकाळी मी पाव घेऊन गेले तर यादिरा फोनवर आईशी बोलत होती. आमच्याकडे फोन कानाला लावून कुणी बोलत नाही. सगळ्या अंगणाला ऐकू गेलं पाहिजे. तिची आई तिकडून ओरडत होती.

"चॉकलेट? अगं, उष्ण ते! पोट आधीच तापलेलं, त्यात तू आग ओततेस? आधीची दोन त्यानंच गेली!"

तियाचा वरवंटा थांबला. "तिला सांग," ती म्हणाली, "माझ्या वड्यांवर या गल्लीतली एकूण एक पोरं वाढलीत."

"आणि तुझी स्वतःची किती वाढली?" फोन म्हणाला.

असं बोलू नये. मी स्वतः तोंडाची फटकळ आहे, पण तेव्हा मला वाटलं तो फोन घेऊन भट्टीत टाकावा. यादिराने घाईघाईने तो बंद केला. तियाने पाट्यावरचं चॉकलेट हाताने निपटलं, पाटा धुतला, भिंतीला टेकवून ठेवला. सकाळचे अकरासुद्धा वाजले नव्हते. तीस वर्षांत इतक्या लवकर तो पाटा धुतलेला मी पाहिला नव्हता.

त्या दिवसापासून यादिराने चॉकलेट सोडलं आणि तियाने बोलणं. एक भांडं वाजवून सांगायची, दुसरी दार आपटून. मधल्यामध्ये एलादिओ आपली फटफटी घेऊन पहाटेच पळायचा. पाचव्या दिवशी मात्र माझं डोकं फिरलं. पाचवा महिना जवळ आलेला, मागचं मूल पाचव्यातच गेलेलं, आणि या दोघी मानापमान घेऊन बसलेल्या.

"उद्या दवाखान्यात जायचं," मी कुंपणातून सांगितलं. "तिघींनी. डॉक्टरीण म्हणेल ते दोघींनी ऐकायचं."

"ती काल शाळेतून सुटलेली पोरगी मला चॉकलेट शिकवणार?" तिया म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती धुतलेली शाल घेऊन आमच्या आधी रस्त्यात उभी होती. काखेत रुमालात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

डॉक्टर अनाबेल आमच्या गावच्या दवाखान्यात एका वर्षासाठी आलेली, पायात पळायचे बूट, केस नीट न विंचरलेले. तिने यादिराला तपासलं, वजन घेतलं, पापणी ओढून पाहिली आणि भुवया आवळल्या. मग विचारलं, "लोहाच्या गोळ्या घेता?"

"रोज. गेल्या आठवड्यापर्यंत चॉकलेटबरोबर. नाहीतर मळमळायचं."

"हं. आणि चॉकलेट किती?"

यादिराने सासूकडे पाहिलं. सासूने छताकडे.

"तीन चंबू," मी म्हणाले. "आणि खिशातल्या वड्या वेगळ्या."

डॉक्टर हसली. मग तिने नीट समजावलं. उष्ण पडून मूल जातं वगैरे काही नाही. काळं चॉकलेट वाईट नाही. दिवसाला एक कप घ्या, थोडं लोहही असतं त्यात, आणि मन खूष राहतं हेही औषधच. पण कॉफीत जे असतं तेच यातही असतं, म्हणून झोप उडते, छाती जळते. त्यानेच पोट भरलं तर जेवण जात नाही. आणि गोळी चॉकलेटबरोबर घेतली तर गोळीतलं लोह अंगाला लागत नाही. "गोळी संत्र्याच्या रसाबरोबर. चॉकलेट नंतर, एक कप. बाकी घेवडा, भाकरी, चीज, अंडी."

तियाने "वाईट नाही" एवढंच ऐकलं. तिची मान उंच झाली. "तुझ्या आईला सांग," ती सुनेला म्हणाली. पाच दिवसांतलं पहिलं वाक्य. मग तिने रुमाल सोडला. आत यादिराचा हिरवा चंबू, तोंडाला केळीचं पान बांधलेलं. "घ्या डॉक्टरीणबाई. पहाटे वाटलंय. तुमच्यासाठी साखर जास्त घातली, शहरातल्यांना सोसत नाही."

डॉक्टरने पान काढलं. वास घेतला, डोळे मिटले. तिला खरंच प्यावंसं वाटत होतं, ते मला दिसलं. मग तिने चंबू उजेडाकडे कलता केला आणि आत बोट घातलं. जिथे रोज रवी फिरायची तिथली झिलई पांढुरकी, खरबरीत झाली होती.

"आजी, रोज यातच करता?"

"मग कशात? तिचाच आहे तो. नाव आहे बुडाला."

डॉक्टरने चंबू टेबलावर ठेवला. "मी हे पिणार नाही. माफ करा. आणि यादिराचं रक्त तपासायला पाठवते. तुमचंही."

परत येताना तिया सबंध रस्ता पुटपुटत होती. "मी पहाटे चारला उठले, आणि ती म्हणते पिणार नाही. चॉकलेट चांगलं म्हणते आणि पीत नाही. माझं रक्त कशाला? मी काय पोटुशी आहे?"

निकाल सोळा दिवसांनी आला. डॉक्टर स्वतः आली, दवाखान्यात बोलावलं नाही. डाळिंबाखाली बसून ती बोलली. हिरव्या झिलईत शिसं असतं. चंबू झिजला, त्यात काही उकळलं, तासन्‌तास राहिलं, की ते शिसं थोडं थोडं उतरतं. चव लागत नाही, वास येत नाही. बाईच्या रक्तातून बाळाच्या रक्तात जातं; कधी मूल टिकत नाही, कधी पुढे त्याला लिहायवाचायला जड जातं. यादिराच्या रक्तात ते हवं त्यापेक्षा बरंच जास्त होतं. तियाच्या रक्तात त्याहून जास्त.

"चॉकलेटचा दोष नाही," डॉक्टर म्हणाली. "भांड्याचा आहे. भांडं आजपासून बंद. लोह, दूध, चीज, चुन्यात शिजवलेल्या मक्याची भाकरी भरपूर. म्हणजे शिसं कमी लागतं अंगाला. अजून वेळ आहे."

यादिराने पोटावर हात ठेवला होता. "आधीची दोन?" तिने विचारलं.

"ते नाही सांगता येणार. असू शकतं. नसूही शकतं. मुलं जायला पुष्कळ कारणं असतात."

तिया इतका वेळ पायाच्या बोटांकडे बघत होती. "मी दिला तो तिला," ती म्हणाली. मग गल्लीकडे पाहून, "सगळ्यांना मीच दिलेत."

यादिरा उठली आणि सासूच्या शेजारी जमिनीवर बसली. "आई, तुम्हाला काय ठाऊक होतं?" तिने तियाचा हात धरला. तियाने तो सोडवून घेतला नाही, पण धरलाही नाही.

दोन दिवस ती घरातून बाहेर आली नाही. तिसऱ्या दिवशी एलादिओची सामानाची हातगाडी ढकलत ती गल्लीच्या वरच्या टोकाला गेली आणि तिथून एकेक दार वाजवत खाली यायला लागली. गाडीत गोणपाट आणि एलादिओने शहरातून आणलेली स्टीलची पातेली. प्रत्येक दारात तेच वाक्य. "मी दिलेला चंबू दे. त्यात विष आहे. मला माहीत नव्हतं."

"समजावून सांगायची एक पद्धत असते, तिया," मी म्हणाले. "दारात उभं राहून विष काय म्हणतेस?"

"मग काय म्हणू? साखर?"

बायका काही सरळ देणाऱ्या नव्हत्या. कुणी रडली, कुणी हसली. कोपऱ्यावरच्या बेर्नाबेने चंबू शालीखाली लपवला. "माझी सहा पोरं यातनं प्यायली. सहाच्या सहा गाढवासारखी धडधाकट आहेत!"

"गाढवासारखी म्हणालीस ते बरं केलंस," तिया म्हणाली आणि हात पुढे करून उभी राहिली. अर्धा तास उभी राहिली. बेर्नाबेने शेवटी चंबू दिला आणि दार आपटलं.

माझ्याकडे ती सगळ्यात शेवटी आली. कुंपणातून नाही, पुढच्या दाराने. मी नाही म्हणाले. खरं सांगते, मला राग आला होता, आणि तो तियावर नव्हता. माझा धाकटा, बुल्मारो, बाराव्या वर्षापर्यंत त्याला वाचता आलं नाही. अक्षरं हलतात म्हणायचा. मी त्याला मारलंय. पावाच्या लांब लाकडी फळीने मारलंय, सगळ्यांसमोर "दगडोबा" म्हटलंय. तो आता शहरात सुतारकाम करतो, माझ्याशी चांगला बोलतो, सणाला येतो. त्याच्या वेळी मी तो चंबू नऊ महिने आणि पुढे दूध पाजत होते तोवर चुलीवरून उतरवला नव्हता. तो चंबू दिला म्हणजे हे सगळं मान्य केलं, असं मला वाटलं.

"माझा राहू दे," मी म्हणाले. "आता मी कुठे पोटुशी राहतेय."

तिया उंबऱ्यावर बसली. "ओतिलिया," ती म्हणाली, "बुल्मारोचं मला रोज आठवतं. डॉक्टरीणबाई म्हणते, सांगता येत नाही. पण मला आठवतं. तू त्याला मारायचीस तेव्हा मी कुंपणातून म्हणायची, मार, त्याशिवाय सुधारायचा नाही."

मी आत गेले आणि चंबू आणून दिला. तिने बुडाचं नाव अंगठ्याने पुसलं, जसं काही त्यावर धूळ होती, आणि गोणपाटात ठेवला. त्या संध्याकाळी मी बुल्मारोला फोन केला. पाव कसे झालेत ते सांगत बसले. शेवटी त्यानेच विचारलं, "आई, रडतेस का?"

सप्टेंबरच्या शेवटी यादिराला मुलगी झाली. अंगाने बारीक, आवाजाने दांडगी. डॉक्टर म्हणाली, वजन वाढेल, रक्त अधूनमधून तपासत राहू, दूध पाजा. नाव ठेवलं आमादा. तियाने पहिल्यांदा नातीला हातात घेतलं तेव्हा तिची बोटं एकेक करून मोजली, मग पुन्हा मोजली. यादिरा म्हणाली, "आई, दहाच आहेत, काल पण दहाच होती." तिया एवढ्या दिवसांत पहिल्यांदा हसली.

बाळंतिणीसाठी तिने पाटा पुन्हा मांडला. वाटलेलं तेच, दालचिनी तीच, फक्त घुसळायचं स्टीलच्या पातेल्यात. रवी पातेल्यात घसरायची, फेस धड चढत नसे. तिया पातेल्याला इतक्या शिव्या द्यायची की बाळ दचकायचं. एक कप, जेवणानंतर, गोळीपासून दूर. हे ती आता सगळ्या पोटुशींना सांगते, तेवढ्याच मोठ्याने आणि कुणी न विचारता.

मग ऑक्टोबरचा शेवटचा दिवस आला. त्या दिवशी दुपारी आमच्याकडे वारलेली लहान मुलं त्यांच्यासाठी मांडलेलं खायला घरी येतात. मोठी माणसं दुसऱ्या दिवशी. मी पहाटेपासून भट्टीवर होते, वरती छोटा रंगवलेला चेहरा लावलेले पाव भाजत. तियाच्या फळीसाठी दरवर्षी मी दोन बारके पाव वेगळे काढते. ते घेऊन दुपारी भगदाडातून गेले. आमादा यादिराच्या मांडीवर झोपली होती. फळीवर झेंडू, मेणबत्त्या, सोललेली संत्री. आणि तिया रवी घुसळत होती.

देव्हाऱ्यावर अंगठ्याएवढे दोन हिरवे चंबू दरवर्षी असायचे. आन्सेल्मोचा आणि नाव नसलेल्या मुलीचा. दरवर्षी त्यातच त्यांचं चॉकलेट. यंदा फळीवर ते नव्हते. त्यांच्या जागी स्टीलच्या दोन वाट्या होत्या, लहान, नव्या, दुकानाची चिठ्ठी अजून तळाला चिकटलेली.

"तिया," मी हळूच म्हणाले, "ते छोटे दोनही टाकलेस? ते तरी ठेवायचे. त्या दोघांना आता काय होणारेय?"

तियाने एका वाटीत चॉकलेट ओतलं, मग दुसऱ्या. फेस थोडाच होता. तो तिने चमच्याने दोघांना सारखा वाटला.

"पोटात होती तेव्हा दोघांना मी असल्याच हिरव्या चंबूतनं पाजलं," ती म्हणाली. "आता मला माहिती आहे. आता नाही देणार."

तिने हात पुढे केला. मी तिच्या हातात दोन्ही पाव दिले आणि तिने ते वाट्यांशेजारी ठेवले.